थकवा सर

"किती भरलं?"

सरांची विचारपूस ही एवढीच. कसे आहात, जेवलात का, असलं काही नाही. सकाळी कॅन्टीनच्या पायरीपाशी स्कूटर लावायची, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे निरखून बघत विचारायचं, "किती भरलं?" मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, पाण्याच्या टाकीचं विचारतायत. बुलढाण्यात पाण्याची चौकशी कुणीही कुणाकडे करतं. म्हणून मी रोज मागे जाऊन टाकी बघून यायचे आणि सांगायचे, "अर्ध्याच्या वर आहे, सर." ते मान डोलवायचे आणि जायचे. पुढे कळलं की माझ्या उत्तरावर ते फार खूश होते. स्टाफरूममध्ये सांगायचे म्हणे, अख्ख्या कॉलेजात ती कॅन्टीनवाली बाई एकटीच प्रश्नाचं सरळ उत्तर देते.

ते विचारत असायचे थकव्याबद्दल. थकवा माणसात भरत जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मुलं त्यांना "थकवा सर" म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी आठवीत शाळा सोडलेली बाई. माहेर वेंगुर्ल्याकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नवरा इकडचा, बुलढाण्याजवळच्या उंद्री गावचा. तो मालवणला एका हॉटेलात कामाला होता, तिथे आमचं जमलं. मग सासरे गेले, सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून तो मला घेऊन परत आला आणि आम्ही बुलढाण्यात एका कॉलेजचं कॅन्टीन चालवायला घेतलं. इथून घरी जायचं म्हणजे आधी एसटीनं घाट उतरून मलकापूर, तिथून गाडी, मग दुसरी गाडी, मग पुन्हा एसटी. आईला फोनवर खोकला आला तरी मी गाड्यांच्या वेळा मोजत बसायचे, की काही झालं तर मी पोचणार कधी. असा माझा स्वभाव. गॅस बंद केला का ते तीनदा बघणारी मी. तेव्हा इथे जे शास्त्राचं लिहिणार आहे ते सरांचं आहे, आणि त्यात काही चुकलं तर ती चूक माझी, हे आधीच सांगून ठेवते.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे. उंच, पाठीत वाकलेले, डोळ्यांखाली काळं. एप्रिल-मे सोडले तर बाकी सगळे महिने बिनबाह्यांचा स्वेटर. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, ड्रॉपरचा रबरी फुगा असायचा. विचार करताना ते तो दाबायचे, फुस्स फुस्स आवाज यायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांनी फुगा बाहेर ठेवावा, अशी मुलांनी एकदा तक्रार केली होती.

आणि ती स्कूटर. आठवड्यातले बरेच दिवस सर स्कूटरवरून येत नसत. स्कूटर घेऊन यायचे, पण हातानं ढकलत. तळ्यापासून कॉलेजचा चढ, आणि हा माणूस हँडल धरून, धापा टाकत, चालू स्थितीतली गाडी ढकलत येतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा नवरा धावत गेला.

"पेट्रोल संपलं का, सर?"

"नाई बे, भरपूर आहे."

"मग पंक्चर?"

"गाडी ठीक आहे. मी भरलेलो आहे. झोप नाई झाली. अशा माणसानं गाडीवर बसणं म्हणजे दारू पिऊन बसणं."

"मग गाडी घरीच ठेवाची ना, सर."

सर फुगा दाबत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उतरलं तर बसून जाईन." नवरा आत येऊन मला म्हणाला, "माणूस चांगला हाय, पण एक पट्टा सुटेल हाय." खरं कारण वेगळं होतं, ते आम्हाला फार नंतर समजलं.

त्यांच्या तासाला झोपलेल्या मुलाला कुणी उठवायचं नाही, हा नियम होता. एकदा प्राचार्य वर्गावरून जात असताना शेवटच्या बाकावर दोन मुलं गाढ झोपलेली. प्राचार्यांनी खिडकीतून खूण केली. सर बाहेर आले आणि म्हणाले, "हळू बोला. ते काम करून राह्यले." ती मुलं पहाटे भाजीच्या गाडीवर हमाली करून वर्गात येणारी होती. ही गोष्ट मला त्यांच्यातल्याच एकानं पोहे खाताना सांगितली. "मावशी, बाकीचे सर खडू मारतात. हे सर खिडकीचा पडदा ओढतात."

आमची खरी ओळख झाली ती फ्रीजरमुळे. लॅबमधला फ्रीज लाइट गेली की मरायचा, आणि इथे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. माझ्या आइस्क्रीमच्या फ्रीजरला नवऱ्यानं इन्व्हर्टर लावला होता. एक दिवस सर स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा घेऊन आले. वर चिकटपट्टी, पट्टीवर मोठ्या अक्षरात "खाऊ नये".

"बाई, हा तुझ्या कुल्फीच्या खाली ठेव. उन्हात खराब होते."

"विष आहे का, सर?"

"विष नाई. तुझ्यात आहे तेच आहे. तुझ्यात, माझ्यात, त्या बाहेरच्या कुत्र्यात."

मी डबा हातात धरून तशीच उभी. माझ्यात असलेली वस्तू कुल्फीखाली ठेवायची म्हणजे काय, ते मला झेपेना. मग त्यांनी माझ्या काउंटरवरचा तीन कप्प्यांचा टिफिन ओढला आणि तिथेच शिकवायला घेतलं. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं.

शरीराच्या प्रत्येक पेशीत असा टिफिन आहे, ते म्हणाले. वरची दांडी म्हणजे ॲडेनोसिन. तिला तीन डबे अडकवलेले. पेशीला काम करायचं, हात हलवायचा, विचार करायचा, काळजाचा ठोका मारायचा, की ती एक डबा काढते. तेवढा जोर मिळतो. रिकामी जागा पेशी परत भरते, पुन्हा काढते, असं चोवीस तास. पण काम फार झालं की डबे संपत येतात आणि बोडक्या दांड्या बाहेर पडायला लागतात. मेंदूच्या भिंतीला खुंट्या आहेत. ह्या दांड्या जाऊन त्या खुंट्यांवर लटकतात. जसजशा लटकतात तसतसं मेंदूला समजतं, की लय काम झालं, आता निजा. झोपेत दांड्या उचलल्या जातात, सकाळी भिंत मोकळी.

"अन् तुझा चहा काय करते, माहीत आहे?"

"तरतरी आणतो," मी म्हटलं. धंदा माझा.

"तरतरी घंटा. चहातला माल दिसाले त्या दांडीसारखाच आहे. तो जाऊन खुंटी अडवून बसते. दांड्या तशाच खाली ढीग लावून. थकवा कमी नाई होत, बाई. थकल्याची खबर पोचत नाई, बस."

म्हणून सर स्वतः चहा पीत नसत. चहाच्या दुकानात उभं राहून चहाची अशी कहाणी सांगणारा माणूस नवऱ्याला काही पटेना. "गिऱ्हाईक तोडून राह्यले हे," तो म्हणायचा. पण डबा कुल्फीखाली राहिला. त्यात बोटभर कुप्या होत्या, एकीत तीन डब्यांचा टिफिन, दुसरीत नुसती दांडी.

ह्याचा उपयोग काय, असं मी एकदा भीतभीत विचारलं. तर ते मला आणि नवऱ्याला दुपारी लॅबमध्ये घेऊन गेले. खिडक्यांना काळं कापड लावलेलं. उंद्रीच्या शिवारातून त्यांनी काजवे धरून आणलेले होते. ते धरतानाची गोष्ट उंद्रीत अजून सांगतात. तिन्हीसांजेला बांधावर काठीला मच्छरदाणी बांधून फिरणाऱ्या सरांना आमच्या चुलतसासऱ्यांनी विचारलं, "काय पकडून राह्यले, सर?" सर म्हणाले, "उजेड." चुलतसासरे म्हणाले, "मंग बॅटरी देऊ का?"

त्या काजव्यांच्या शेपट्या वाळवून, कुटून त्यांनी पाण्यात मिसळल्या होत्या. काळोखात काचेची नळी धरली. काही नाही, नुसता काळोख. मग त्यांनी माझ्या फ्रीजरमधल्या कुपीतला एक थेंब आत सोडला. नळी पेटली. हिरवट, थंड, बिनआवाजाची. मेलेल्या किड्याच्या भुकटीला उजेड आला आणि थोड्या वेळानं तो हळूहळू विझला.

"हा टिफिन जिथे असेल तिथे हा उजेड पडते," सर म्हणाले. "दुधात जंतू आहेत का, टेबल खरंच धुतलं का, पेशी जिती आहे का मेली, हे लोक या उजेडावरून मोजतात." त्यांच्या शिकण्याच्या काळात ते बेडकाचं काळीज दोऱ्यानं बांधून त्यावर दांडीवाला थेंब टाकायचे, काळीज मंद व्हायचं आणि मग आपलं आपण परत चालायला लागायचं. पुढे कॉलेजात जनावरांवर प्रयोग करायला मनाई आली, बेडकं बंद झाली. "बरं झालं बंद झाली," एवढंच ते म्हणाले.

मी ते ऐकलं आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. सरांनी ते पाहिलं असावं.

कारण माझं काळीज तेव्हा ठीक नव्हतं आणि कुणाला ते खरं वाटत नव्हतं. बुलढाण्याला आल्यापासून मधेच एकदम धडधड सुरू व्हायची. साधी नव्हे, जाळ्यात मासळी उड्या मारते तशी. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असायची. मशीनवर सगळं बरोबर यायचं. डॉक्टर म्हणायचे, काळजी कमी करा. सासूबाई म्हणायच्या, "माहेराची ओढ हाय तिले. मन लागून नाई राह्यलं." त्या वाईट नव्हत्या, पण शेवटी घरात ठरायला लागलं की मला काही महिने वेंगुर्ल्याला पाठवावं आणि कॅन्टीन चुलत दिराच्या बायकोनं बघावं. मला घरी जायचं होतंच, रोज जायचं होतं. पण मनाची रोगी म्हणून परत जायचं नव्हतं. आईच्या दारात तशी उतरले असते तर तिथून परतीची वाट उरली नसती. आणि मला भीती वाटायची, की ह्यातच एक दिवस मी मरेन आणि तेव्हाही लोक म्हणतील, नाटकं करते.

लॅबमधून परत येताना सरांनी विचारलं, "ते तुझं सुरू कसं होते? हळूहळू का एकदम?"

"एकदम, सर."

"अन् थांबते?"

"तेही एकदम. बटण बंद केल्यासारखं."

सर थांबले. फुगा दाबला. "मग ही भीती नाई. भीती उतराले वेळ घेते. हे दुसरं काही आहे. पुढच्या वेळी मले बोलाव. वर्गात असलो तरी बोलाव."

मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. कॅन्टीनमध्ये येऊन कांदा चिरायला बसले. कांदा होता ते बरं झालं.

पुढची वेळ आली ती ऐन गर्दीत. हातात झारा, कढईत वडे, आणि काळजानं उसळी घेतली. मी खाली बसले. मग इथल्या माणसांनी जे करायचं ते केलं. चक्कर असो, ताप असो, मयताच्या घरून आलेलं माणूस असो, आधी चहा. नवऱ्यानं आलं ठेचून, दुप्पट पत्ती टाकून कडक चहा केला आणि मला पाजला. थांबेना, म्हणून दुसरा ग्लास. कुणीतरी वर्गात धावत गेलं होतं. सर आले, पाहिलं, आणि माझ्या ओठांना लागलेला ग्लास त्यांनी हिसकून मोरीत ओतला. सगळं कॉलेज बघत होतं.

"काळजालेही खुंट्या असतात. त्या भरून टाकल्या लेकाच्यानं," ते नवऱ्याला म्हणाले. "रिक्षा आण."

रिक्षात ते पुढे ड्रायव्हरला चिकटून बसले आणि सारखे मागे वळून विचारत होते, "चालू आहे ना? चालू आहे ना?" मशीनवर दिसेपर्यंत धडधड चालू असावी म्हणून जीव टाकणारा तेवढा एकच माणूस. चालू होती. दवाखान्यात पट्ट्या लावल्या, कागद निघाला आणि तरुण डॉक्टर म्हणाला, "सापडलं." त्यानं मला आधी इंजेक्शनच्या रिकाम्या पिचकारीच्या तोंडात जोरानं फुंकायला लावलं, कधीकधी तेवढ्यानंच थांबते म्हणे. त्यानं काही झालं नाही. मग औषधाचं नाव घेतलं आणि सर दारातून दोन पावलं आत आले. ॲडेनोसिन, माझ्या फ्रीजरमधल्या दुसऱ्या कुपीतलं नाव.

"हे तेच का, सर?"

"तेच. दवाखान्याचं शुद्ध केलेलं. ऐक, बाई. तुझ्या काळजात करंट एका जागी गोल गोल फिरून राह्यला. हे जाऊन क्षणभर नाका बंद करते. करंटले फिराले रस्ता नाई. रक्त याले लगेच खाऊन टाकते, म्हणून घाईनं देतील. तुले वाटेल मेली. नाई मरणार. काळीज थांबेल अन् परत येईल."

"बेडकासारखं?"

"तसंच."

पहिली सुई दिली. छातीवर थोडं दडपण आलं आणि गेलं. मासळी तशीच उड्या मारत होती. डॉक्टरनं सरांकडे पाहिलं.

"चहा पाजला हो हिले," सर म्हणाले. "दोन ग्लास. कडक."

"मले वाटलंच," डॉक्टर म्हणाला. "इथे प्रत्येक पेशंट चहा पिऊनच येते, सर. डोस वाढवून देतो."

दुसरी सुई. त्यांनी माझा हात वर धरला. छातीवर कुणीतरी जातं ठेवलं. छत लांब गेलं. आणि मग काहीच नाही. आत पूर्ण शांत. लहानपणी होडी किनाऱ्याला लागताना वडील इंजिन बंद करायचे, तेव्हा जसं व्हायचं तसं. मी मेले असं मला वाटलं, आणि लांबून सरांचा आवाज आला, वर्गात शिकवतात तसा, "थांब. येईल. थांब."

आणि आलं. एक ठोका, मग दुसरा. शहाण्यासारखे, रांगेत.

नवरा बाहेर बाकावर बसून रडत होता. चहा आपण पाजला, हे त्याला बरेच दिवस खात राहिलं. घरी गेल्यावर तो त्याच्या आईला एवढंच म्हणाला, "माय, खरं होतं." सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वेंगुर्ल्याचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे मोठ्या शहरात तपासण्या झाल्या, गोळ्या लागल्या. आता चालू आहे ते बरं चालू आहे.

माहेरून आमसुलं आली होती, ती घेऊन आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. दार उघडायच्या आधीच आतून बाईमाणसाचा आवाज येत होता, सारखा, त्याच सुरात, "आले का? अहो, आले का?" त्या सरांच्या पत्नी. सर तिथेच बसलेले होते, त्यांच्या समोर. पण बाईंना ते ओळखू येत नव्हते. रात्र रात्र उठून त्या सरांना शोधायच्या, सर पुढे होऊन सांगायचे की मी इथेच आहे, आणि त्यांना ते पटायचं नाही. दिवसा एक बाई सोबतीला यायची. अंगणातली स्कूटर मात्र त्यांना ओळखता यायची. स्कूटर दिसली म्हणजे आपला नवरा घरातच आहे, असं समजून त्या खोल्या धुंडाळत, पलंगाखाली वाकत, पडत. स्कूटर नसली की म्हणायच्या, कॉलेजात गेले, आणि शांत बसायच्या.

म्हणून ती गाडी रोज घराबाहेर काढावी लागे. आणि झोप नसल्यामुळे तिच्यावर बसता येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून माझा नवरा चढाच्या खालपर्यंत जायचा आणि स्कूटरला मागून हात लावायचा. दोघं मिळून ढकलत यायचे.

सरांच्या पत्नी थंडीत गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी लवकर, सर कॉलेजात आले ते स्कूटरवर बसून. मी काउंटरवरूनच पाहिलं. गाडी पायरीला घासली, थांबली. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांना हिवरा आश्रम म्हणून गाव आहे, त्याच्या पुढे त्यांच्या गावी जायचं होतं, दिवसांचे विधी होते, पाहुणे जमलेले होते. घर रिकामं झालं तरी त्यांना झोप येत नव्हती. तिचा आवाज बंद झाल्यावर तर मुळीच नाही, असं ते म्हणाले.

"एक चहा दे, बाई. कडक."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी पातेल्याला हात लावला आणि काढून घेतला.

"चहा नाही, सर."

"दुकान चहाचं, अन् चहा नाई?"

"तुमच्यासाठी नाही."

"काऊन?"

मी कुणाला नाही म्हणणारी बाई नव्हे. छातीत साधी धडधड झाली, भीतीची, हळूहळू चढणारी. "किती भरलं, सर?" मी विचारलं.

त्यांनी काउंटरवर कोपरं टेकली आणि म्हणाले, "काठोकाठ." त्यांची स्कूटरची चावी तिथेच पडलेली होती. मी ती उचलली, फ्रीजर उघडला, "खाऊ नये"च्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. सर भिंतीकडच्या बाकावर जाऊन आडवे झाले, पिशवी डोक्याखाली घेतली, रबरी फुगा मुठीत, आणि बोलता बोलता झोपले. नवऱ्यानं त्यांच्या गावी फोन करून सांगितलं, सर उशिरा येतील, वाट पाहा.

आमच्या गॅसची शेगडी जुनी, पेटली की घुमते. मी ती पेटवली नाही. मुलं आली, चहा मागायला लागली. मी बाकाकडे बोट दाखवलं. एकदोघांनी तोंडं वाकडी केली, मग एकानं उठून खिडकीचं दार ओढून घेतलं, सरांच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून. प्राचार्यांचा शिपाई किटली घेऊन आला. नवरा त्याला म्हणाला, "आज ताक हाय. न्यायचं तर ने." ऊन बाकाच्या पायापासून दारापर्यंत सरकत गेलं. मी लसूण सोलत बसले होते. सरांचा श्वास लांब, एकसारखा चालला होता, आणि मी मधूनमधून सोलणं थांबवून तो ऐकत होते.

उठले तेव्हा कॉलेज सुटून गेलं होतं. मग स्वतःच फ्रीजरपाशी गेले, डबा काढला, चावी घेतली. ती हातात धरवेना इतकी गार झालेली. दोन्ही तळव्यांत धरून ते उभे राहिले, ती जरा कोमट होईपर्यंत. मीही उभी.

"उतरलं," शेवटी ते म्हणाले. "पुरतं नाई. पण गावापर्यंत उतरलं."

स्कूटर सुरू झाली. उतारावर ती दिसेनाशी होईपर्यंत नवरा रस्त्यात उभा होता. तो आत आला, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवलं, त्या दिवसाचं पहिलं.